मोजणीदारांचा खराबा

"डॉक्टरची पोट्टी मुकी हाय काय रे?"

भिंतीपलीकडून आक्कांचा आवाज आला. आक्का म्हणजे आमच्या घरमालकांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहणारी. मी भिंतीच्या अलीकडे दोरीवर पंचे वाळत घालत होते. ते त्यांना दिसत नसावं, किंवा दिसूनही त्यांना फरक पडत नसावा.

"मुकी नाई," मालक म्हणाले. "पाहून राह्यली."

"काय पाहून राह्यली?"

"तिलेच इचार."

"मुकीले काय इचारू?"

मालक हसले नाहीत. ते आपल्या परसातल्या तळ्याच्या काठी उकिडवे बसून पाण्यात एक काडी उभी धरून होते, कालपेक्षा पाणी किती उतरलं ते बघत. मी ओला पंचा तसाच हातात धरून उभी राहिले. रिसोडला येऊन मला महिना झाला होता. तेवढ्यात गावात माझ्याबद्दल बरंच बोलून झालं होतं, पण कोणी माझी बाजू घेतल्याचं ते पहिलंच.

मुकी ठरण्याचं कारण साधं होतं. बाबांची सरकारी दवाखान्यात नेमणूक झाली तेव्हा मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक होऊन घरी आले. नऊ वर्षं बोर्डिंगात काढलेली, तिथे दिवसभर इंग्रजी. माझं मराठी पुस्तकातून आल्यासारखं येई आणि गावचं मराठी मला निम्मं कळत नसे. पहिल्याच आठवड्यात मी भाजीवालीला "कृपया दोन जुड्या द्या" म्हणाले. ती गोष्ट बाजाराला दोन महिने पुरली. मग मी बोलणं कमी केलं आणि बघणं वाढवलं. आमच्या आणि मालकांच्या परसामधली मातीची भिंत एका जागी ढासळली होती. बघायला ती जागा चांगली होती.

मालकांना सगळं गाव मोजणीदार म्हणे. तीस वर्षं त्यांनी जमीनमोजणी खात्यात नोकरी केली होती. साखळी ओढून ओढून उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली आलेला. अंगात बारा महिने खाकी कोट, त्याची बटणं कधीच गेलेली, त्या जागी सुतळी. चालताना पावलं अशी टाकत की वाटे, रस्त्यावर आधीच खुणा करून ठेवल्या आहेत. रिसोडमधलं कुठलंही अंतर त्यांना साखळ्यांत पाठ होतं. बाहेरगावच्या एका वरातीने त्यांना नवरीच्या घरचा रस्ता विचारला. ते म्हणाले, "सरळ अकरा साखळ्या, मंग निंबापासून दोन साखळ्या उगवतीले. एका साखळीचे तेरा-चौदा पावलं धरा." वरात अगदी बिनचूक पोचली. पण सगळे पावलं मोजत आल्यामुळे वाजंत्री वाजवायचं राहून गेलं आणि मांडवात कोणाला कळलंच नाही की वरात आली.

तळ्याला कोणी डबकं म्हटलेलं त्यांना चालत नसे. "डबकं साचते. हे केलं हाय," म्हणायचे. चार खाटा मावतील एवढीच ती जागा. तीन बाजूंनी दगड रचलेले, दगडांत मुद्दाम फटी ठेवलेल्या. चौथी बाजू मात्र हलके हलके वर येऊन जमिनीला मिळालेली. तो उतार त्यांनी नोकरीतली हत्यारं लावून काढला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

"जिथून उतरता येते तिथून चढताबी आलं पायजे," ते सांगायचे. "नाई त तो हौद. हौदात पडलेला जीव कडेकडेनं फिरते अन् मरते. तळ्यात पडलेला न्हाऊन घरी जाते."

माणसांनाही ते हेच माप लावत. पोस्टमास्तर म्हणजे हौद. शाळेचे हेडमास्तर "तसा हौदच, पन एका कोपऱ्यात दगड ढासळेल हाय." बाबांबद्दल म्हणाले, "उतार कमी, पन पानी साफ." माझ्याबद्दल असं काही म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही, आणि ऐकण्याच्या बाबतीत मी कसूर करत नसे.

तळ्याकाठचं गवत कापायचं नाही. फुटकी कौलं पालथी घालून ठेवायची, खाली ओल राहते. राख तिकडे फेकायची नाही. दिवेलागणीनंतर कंदील तळ्याकडे न्यायचा नाही. हे सगळे नियम आक्कांना तोंडपाठ होते आणि त्या ते पाळतही, पण प्रत्येक नियमागणिक एकदा भावाचा उद्धार करून. "जावई येऊन राह्यले त्याचे," असं म्हणत त्या राखेची टोपली उलट्या दिशेने घेऊन जात.

आणि जावई येतही. कौलांखाली गलेलठ्ठ पिवळे बेडूक, दगडांच्या फटीत बोटाच्या पेराएवढे करडे. चतुर तर इतके की उन्हात पाण्यावर कोणी तारा ओढतंय असं वाटे. सकाळी एक खंड्या ठरलेल्या फांदीवर बसे. श्रावणात एक दिवड निघाली, हातभर लांब पाणसाप, आणि आक्कांनी काठी उचलली. मोजणीदार मध्ये उभे राहिले. "तिचा बी हिस्सा हाय. बेंडकं काय आपल्या एकट्याचे हाय काय?" ते म्हणाले. आक्का म्हणाल्या, "मंग तिले पाटावर बसव अन् वाढ." दिवडीने तेवढ्यात एक बेडूक धरला आणि दोघं भावंडं ते बघत राहिली.

त्यांच्याकडे बेडूक मागायला लोक येत, हे मला आधी खरं वाटलं नव्हतं. रिठदचा एक शेतकरी एकदा डोक्यावर मडकं घेऊन आला. मडक्याच्या तोंडाला फडकं बांधायची तयारी करूनच.

"मोजनीदार, दहा-बारा बेंडकं द्या. माह्या वावरातल्या इहिरीत सोडतो. किडे लय झाले."

"इहिरीले पायऱ्या हाय काय?"

"नाई. बांधीव हाय, गोल."

"मंग बेंडूक बाहीर कसा येईन?"

"त्याले बाहीर कायले याचं? आत पानी हाय ना."

"तुमी घरात जेवता. बाहेरून कडी घालून देऊ काय?"

शेतकरी हसला, पण मडकं रिकामंच राहिलं. मोजणीदारांनी त्याला जमिनीवर काडीने आकृती काढून दाखवली. मोटेचं पाणी जिथे सांडतं तिथे उथळ खळगा कर, एका अंगाने उतार दे, चार दगड टाक, गवत राहू दे. "बेंडकाले आवतन देऊ नये. पाट मांडून ठेवावा. तो आपला आपुन येते." त्या माणसाचा चेहरा असा झाला की बियाणं मागायला आलो आणि कीर्तन ऐकून चाललो.

पुढच्या पावसाळ्यात तो परत आला. यावेळी मडकं नव्हतं, ओल्या मक्याची चार कणसं होती.

"आले," तो एवढंच म्हणाला.

"किती?" आक्कांनी विचारलं.

"मोजले नाई."

"मोजू नये," मोजणीदार म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यात मोजल्याशिवाय काही सोडलं नव्हतं, त्याचं हे बोलणं मी लक्षात ठेवलं. त्याच दिवशी त्यांनी त्या शेतकऱ्याला बेडकाची अंडी दिली, केळीच्या पानात, ओल्या फडक्यात गुंडाळून. जागा झाल्याशिवाय ते कोणाला काही देत नसत. जागा झाली की मात्र हात आखडत नसत.

हा नियम त्यांनी फक्त आमच्या घरापुरता मोडला, त्याला कारण भांडं. भांडं रिकामं परत करू नये, हे सगळीकडेच पाळतात. आईने नव्या शेजाराची ओळख म्हणून पितळी तांब्यात ताक पाठवलं होतं. दोन दिवसांनी तांब्या परत आला, तोंडाला फडकं बांधलेला, आत पाणी. आक्का त्याच आठवड्यात काशीहून आल्या होत्या. आईने साहजिकच ती गंगा समजली. हात धुऊन, फडक्याची कड उचलून तिने पळीभर पाणी आम्हा तिघांच्या तोंडात घातलं आणि तांब्या देवापुढे ठेवला. तिसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी तिने फडकं सोडलं आणि तांब्या हातभर दूर सरकवला. मी वाकून पाहिलं. गंगेला शेपट्या होत्या. काळ्या, मुगाएवढ्या डोक्यांच्या, आणि चांगल्याच चपळ.

आक्का भिंतीशी येऊन म्हणाल्या, "मीनं धाडली नाई बाई. रिकामं भांडं परत धाडू नये एवढं त्याले मायनं शिकवलं. काय धाडावं ते शिकवाचं राह्यलं."

आईने तांब्या तीनदा चिंचेने घासला. बाबांना हसू येत होतं, पण ते डॉक्टर होते आणि तळ्याचं पाणी त्यांच्याही पोटात गेलं होतं.

बाबांचा आणि मोजणीदारांचा खरा मतभेद हौदावरून होता. आमच्या न्हाणीमागे दगडी हौद होता. कावडीवाला रोज दोन खेपा आणून त्यात ओती. पहिल्या उन्हाळ्यात त्यात एक बेडूक आला. बाबांनी तो बाहेर काढवला आणि सुतार बोलावून हौदाला सागवानी फळ्यांचं झाकण करून घेतलं. पाहुणे आले की बाबा ते झाकण दाखवत. मोजणीदारांनी भिंतीवरून ते बघितलं आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, झाकनाले फट पडन. बेंडूक फटीतून जात नाई, मच्छर जाते. आत चार मासे टाका."

दुसऱ्याच दिवशी आमची एक लोटी चार बोटभर माशांसह परत आली. आई हौदाच्याच पाण्याने न्हाऊन देवपूजा करी. तिने लोटीकडे न बघता गड्याला सांगितलं, "जिथून आणली तिथे ओत."

मोजणीदार रागावले नाहीत. "त्याइची इच्छा," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जणू मीच विचारलं होतं अशा आवाजात, त्यांनी मला पाणी कसं बघायचं ते शिकवलं. त्यांच्याकडे चिनी मातीची एक पांढरी वाटी होती. ती पाण्यात तिरपी बुडवायची, अलगद भरून घ्यायची, मग उन्हाकडे पाठ करून बघायचं. "पांढऱ्या बुडाशिवाय पान्यातलं काय दिसत नाई. पितळात त बिलकूल नाई." तळ्याच्या वाटीत मला पाणकिडे दिसले, गोगलगाय दिसली, चतुराची कुरूप पिल्लं दिसली. डासांच्या अळ्या शोधून सापडल्या नाहीत. "राहतीन कशा? बाकीचे उपाशी हाय काय?" ते म्हणाले.

त्या दिवसापासून मी जवळजवळ रोज वाटी भरून बघत असे. बोलायचं काही नसे. ते काडीने पाणी मोजत, मी वाटीत बघत असे. दोन वर्षांत आम्ही मिळून शंभर वाक्यं बोललो असू, आणि त्यातली नव्वद त्यांची.

तळं का केलं ते त्यांनी एकदाच सांगितलं. आक्का घरात नव्हत्या. मी विचारलं नव्हतं.

"मोजनी करताना पोटखराब म्हनून एक रकाना राहते," ते म्हणाले. "जिथं नांगर चालत नाई ते खराबा. दगड असन, नाला असन. पान्याचा खळगा असन, लव्हाळं असन. किन्हीराजाकडं एका गावाशेजारी असाच खळगा होता, संध्याकायी बेंडकं असे वरडत की साखळी धरनाऱ्याले माहा आवाज ऐकू येत नव्हता. मीनं लिवलं, खराबा. दहा वर्सांनी त्या बाजूले गेलो त तुरी उभ्या. आवाज नाई. कोनाचा गुन्हा नाई त्याच्यात, कायद्यानं बरोबर हाय. पन तीस वर्सं ज्याच्यात पानी, ज्याच्यात जीव, त्याले मी खराबा लिवत आलो. माहं अक्षर चांगलं होतं. साहेब वाचतबी नसे, सही करे."

मग तळ्याकडे हात करून म्हणाले, "म्हनून म्हटलं, घरच्या सर्व्हे नंबरात थोडा खराबा असू द्यावा."

तिसऱ्या वर्षी पाऊस सरता सरता गावात हिवतापाने जोर धरला. आमच्या गल्लीत घराआड एक अंथरूण होतं. दवाखान्यातून परतायला बाबांना तिन्हीसांजा होत, अंगाला क्विनाइनचा वास. मग आईला ताप भरला. दुपारी बारा वाजले की ती थरथरायला लागे, चार पासोड्या घातल्या तरी दात वाजत. पाठोपाठ आक्का पडल्या.

जिल्ह्याहून हुकूम होता की साचलेल्या पाण्यावर रॉकेल आणि काळं तेल ओतावं. कुठे ओतायचं ते डॉक्टरांनी कळवायचं. त्या संध्याकाळी बाबा आईच्या खाटेशी बसून होते. त्यांनी मला हाक मारली.

"तुझं अक्षर वळणदार आहे. मी सांगतो, तू लिही."

इंग्रजीत पत्र होतं. गावातल्या सात जागा. सातवी जागा, दवाखान्याच्या डॉक्टरांच्या राहत्या घरालगतचं, मालकाच्या परसातलं साचलेलं पाणी. मी तिथे थांबले. बाबा म्हणाले, "काय झालं? शब्द अडला?"

मी मान हलवली आणि लिहिलं. खाडाखोड न करता. आई कण्हत होती आणि बाबांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. माझ्याजवळ सांगायला काय होतं? दोन वर्षं वाटीत बघितलं आणि दिसलं नाही, एवढंच. न दिसणं हा काही पुरावा नव्हता.

पत्र गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी खरकटी भांडी विसळायला न्हाणीमागे नेली. त्यात ती पांढरी वाटी होती. आजारी पडायच्या आदल्या दिवशी आक्कांनी आईसाठी तांदळाची पेज त्याच वाटीतून पाठवली होती. ती वाटी कसली ते मी ओळखलं होतं. आईला सांगितलं नव्हतं. हौदाची एक फळी सरकवून मी वाटी सवयीने तिरपी बुडवली, सवयीने उन्हाकडे पाठ केली.

वाटीत बारीक कुसळांसारख्या दहा-बारा रेघा होत्या. मी बोट टेकवलं तशा त्या झटका देऊन मागे सरल्या. पुन्हा वर आल्या आणि पाण्याच्या पापुद्र्याला लागून आडव्या पडून राहिल्या. बाबांच्या कपाटातल्या पुस्तकात दोन चित्रं शेजारी शेजारी होती. साध्या डासाची अळी डोकं खाली करून लोंबते. हिवतापाच्या डासाची आडवी पडते. मी ती चित्रं कितीदा बघितली होती.

कावडीवाला पाणी ओतायला आला. मी हौदाच्या तळाकडे बोट दाखवलं.

"तळ?" तो म्हणाला. "दोन वर्सापासून पायला नाई, बाई. रोज भरून घेता, उपसाचं कोनी म्हनत नाई."

दोन दिवस मी ते कोणाला सांगितलं नाही. याचं समर्थन मी तेव्हाही करत नव्हते, आताही करत नाही. आईला ताप हौदातून आला असेल तर तो झाकणातून आला होता, आणि ते झाकण बाबा पाहुण्यांना दाखवत असत. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या ते थोडे कमी दमलेले असतील. दुसऱ्या दिवशी ते जास्त दमलेले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याहून आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर आला. सोबत डोक्यावर डबा घेतलेला एक माणूस. बाबा दवाखान्यात जायच्या आधी स्वतः त्याला मोजणीदारांकडे घेऊन गेले. मागून तेल ओतवायचं आणि आपण तोंड चुकवायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं. मी भिंतीच्या खिंडारापाशी उभी होते.

मोजणीदारांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी कागद बघायला मागितला. त्यांना इंग्रजी बेताचं येई, पण सातवा आकडा आणि त्यापुढची ओळ ते बराच वेळ बघत राहिले. मग भिंतीकडे न बघता म्हणाले, "अक्षर चांगलं हाय."

मला कोणी एवढं लागेल असं कधी बोललेलं नाही.

"बाजूला व्हा, मोजणीदार," बाबा हळू म्हणाले. "माझ्या घरात ताप आहे. तुमच्याही आहे. मला आनंद वाटतो का यात?"

"तुमाले नाई वाटत. तुमचं पानी साफ हाय," मोजणीदार म्हणाले. मग इन्स्पेक्टरला म्हणाले, "तेल किती टाकान?"

"म्हणजे?"

"जागा किती, त्यावर तेल किती, असं काई असन ना? का अंदाजपंचे?"

इन्स्पेक्टरने कबूल केलं की क्षेत्रफळावर असतं. मोजणीदार आत गेले आणि साखळी घेऊन आले. तिचं एक टोक त्यांनी इन्स्पेक्टरच्या हातात दिलं. सरकारी नोकराच्या हातात साखळी आली की तो ती धरतोच. लांबी झाली, रुंदी झाली, उताराच्या बाजूला कडा वाकडी होती म्हणून तिथे तीन मापं झाली. साखळी गवतातून ओढली तसे बेडूक एकामागून एक पाण्यात पडत होते, टपक टपक. डबेवाला मजेने बघत होता. बाबा घड्याळ बघत होते.

आक्का पासोडी गुंडाळून ओसरीत बसल्या होत्या. साखळी गोळा करता करता मोजणीदारांनी त्यांना विचारलं, "आक्का, आपली पांढरी वाटी आली काय डॉक्टरकडून?"

"वाटीचं काय घेऊन बसला? तुहं तळं चाल्लं," आक्का म्हणाल्या. ताप असून त्यांचा आवाज खणखणीत होता.

"येईन. त्याइच्या घरी भांडं राहत नाई."

त्यांना काय ठाऊक होतं, ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही, त्यांना फक्त वाटी हवी असेल. मी घरात गेले. हौदाची फळी सरकवली. वाटी तिरपी बुडवून काठोकाठ भरली आणि दोन्ही हातांत धरून खिंडारातून पलीकडे चालू लागले. पाणी सांडू नये म्हणून मला त्यांच्यासारखंच मोजून पाऊल टाकावं लागत होतं.

पुढचं थोडक्यात आधी सांगते. हिवताप गावातून त्या वर्षी गेला नाही, पण बाबांनी दुसरं पत्र लिहिलं, स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात, आणि त्यात सातव्या जागेच्या ठिकाणी आमचं घर होतं. हौद उपसला, घासला, झाकण सुताराला परत गेलं. मासे टाकायला आईने मान्यता दिली. भगवंताने पहिला अवतार याच रूपात घेतला, असं तिचं तिनेच मनाशी ठरवलं. बाबा चार दिवस जेवताना माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी भात कालवताना म्हणाले, "काय, आज वाटीत काय होतं?" पुढे आमची बदली झाली तेव्हा मोजणीदार गाडीबरोबर वेशीपर्यंत चालत आले, पावलं मोजत. आकडा त्यांनी सांगितला नाही. आई आणि आक्का मात्र भिंतीच्या खिंडारातून एकमेकींना भांडी देत राहिल्या त्या शेवटपर्यंत, आणि आई परत आलेलं प्रत्येक भांडं आधी उजेडात धरून बघे.

पण त्या सकाळी यातलं काही झालेलं नव्हतं. तळ्याकाठी चार पुरुष उभे होते, डब्याचं बूच काढलेलं होतं आणि तेलाचा वास सुटला होता. आक्का म्हणाल्या, "आली पाय तुही वाटी." मोजणीदारांनी घ्यायला हात पुढे केला. मी ती त्यांना दिली नाही. उन्हाकडे पाठ करून मी बाबांच्या समोर उभी राहिले, वाटी त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरली आणि म्हणाले,

"बाबा, हे आपल्या हौदातलं पाणी आहे. त्या आडव्या पडल्यात, बघा."